टेकडीतला कार्बन मोजायचा कसा: पुण्यातल्या नवख्यांसाठी

टेकडीवरून रस्ता जाणार, आरक्षण बदलणार, अशी जाहिरात निघते आणि हरकती-सूचनांना महिनाभराची मुदत मिळते. मग आपण सगळे लिहून देतो, "टेकड्या म्हणजे शहराची फुप्फुसं." या वाक्याला कुणी नाही म्हणत नाही, पण त्याचा हिशेबही कुणी करत नाही. रस्त्याच्या बाजूने मात्र किती मिनिटं वाचतील, किती वाहनं जातील, किती कोटी लागतील, असे आकडे तयार असतात. आपल्याकडेही निदान एक आकडा असावा, आणि तो कुणी उलटसुलट प्रश्न विचारले तरी टिकावा, म्हणून हा लेख. वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी, बाणेर-पाषाणचे डोंगर किंवा तुमच्या गावाची देवराई, कुठल्याही जागेसाठी पद्धत तीच.

यासाठी वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. पाच-सहा माणसं, शिंप्याची मेजपट्टी, ३० मीटरचा टेप, सुतळी, फोन आणि एक संगणक पुरतो. रविवार मात्र भरपूर लागतात.

आधी दोन गोंधळ मिटवा

पहिला गोंधळ साठा आणि भर यांचा. टेकडीत आज किती कार्बन आहे ही बँकेतली शिल्लक. दरवर्षी त्यात किती वाढतो हा पगार. वर्तमानपत्रातल्या बातमीत दोन्ही एकाच वाक्यात येतात आणि आकडे काहीच्या काही होतात. आपण इथे शिल्लक मोजतोय.

दुसरा गोंधळ कार्बन आणि कार्बन डायऑक्साइडचा. कार्बनच्या टनांना ४४ भागिले १२, म्हणजे सुमारे ३.६७ ने गुणलं की कार्बन डायऑक्साइडचे टन मिळतात. कुठलाही आकडा लिहिताना यातला कोणता ते तिथल्या तिथे लिहा. नाहीतर दोन संस्थांचे आकडे पावणेचार पटींनी वेगळे येतात आणि दोघीही बरोबर असतात.

हा कार्बन पाच ठिकाणी असतो: झाडाझुडपांच्या जमिनीवरच्या भागात, मुळांत, वाळक्या-पडलेल्या लाकडात, पालापाचोळ्यात आणि मातीत. आंतरसरकारी हवामान बदल समितीच्या (आयपीसीसी) मार्गदर्शिकेतली विभागणी हीच आहे. माणसाची नजर झाडावर जाते, पण भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात देशाच्या वनांतला एकूण कार्बन ७२०४ दशलक्ष टन धरला आहे आणि त्यातला निम्म्याहून जास्त मातीत आहे. पुण्याच्या टेकड्यांवर मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि काळा पाषाण. इथे मातीचा वाटा किती हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून माती टाळून चालणार नाही.

परवानगी आणि सोबत

टेकडीचा मोठा भाग वन विभागाचा असेल, तर लेखी परवानगी घ्या. झाडाचा घेर मोजायला कुणी हटकणार नाही कदाचित, पण खड्डा खणताना हटकतील आणि ते बरोबरच आहे. अभयारण्यात तर परवानगीशिवाय कामाला हातच लावू नका. अर्जात तारखा, माणसं, खड्ड्यांची संख्या आणि खोली लिहा. आणि गटात झाडं ओळखणारी एक व्यक्ती हवीच. पुण्यात अशी माणसं पुष्कळ आहेत, आणि शिकवायला ती उत्सुक असतात.

पायरी पहिली: नकाशा

क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या. उपग्रहचित्रावर टेकडीची हद्द काढा आणि नंतर फोनच्या जीपीएसवर ती हद्द एकदा चालून या. नकाशाचा प्रक्षेप, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची रीत, यूटीएम ४३ उत्तर (ईपीएसजी क्रमांक ३२६४३) ठेवा; त्यात अंतरं मीटरांत येतात. अक्षांश-रेखांशांच्या अंशांत क्षेत्रफळ काढलं तर हेक्टरांचा हिशेब पहिल्याच पायरीला चुकतो.

मग टेकडीचे भाग पाडा. हे काम घाईने करू नका, पुढचं सगळं गणित यावर उभं आहे. आमच्या टेकड्यांवर साधारण हे भाग येतात: मोई, सालई, धावडा, खैर, गणेर असा मूळचा पानझडी झाडोरा, बाहेरून आणलेल्या गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) लागवड, झुडपी माळ, कुसळीसारख्या गवतांचा उतार, उघडा कातळ, जुनी खाण. जगभराचे जमीन-वापराचे तयार नकाशे मिळतात. युरोपीय अवकाश संस्थेचा १० मीटरचा नकाशा मोफत आहे आणि सुरुवातीला कामाचाही आहे. पण त्याच्या लेखी उतारावरचं गिरिपुष्प, शेजारचा धावडा आणि सोसायटीतली गुलमोहराची रांग सगळी 'झाडं'च. आपल्याला हवा तो फरक आपणच करायचा.

त्यासाठी एक युक्ती सांगतो. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं मोफत मिळतात, त्यातला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे १०० ठिपक्यांचा एक हेक्टर. जून ते सप्टेंबर ढग असतात आणि पावसात गवतापासून झाडापर्यंत सगळं सारखंच हिरवं दिसतं, त्या महिन्यांची चित्रं सोडून द्या. दोन चित्रं घ्या: एक नोव्हेंबरअखेरचं, एक मार्चचं. नोव्हेंबरअखेर गवत पिवळं पडलेलं असतं आणि झाडं अजून हिरवी. तिथे झाडं आणि गवत वेगळं होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गिरिपुष्प पानं टाकून गुलाबी फुलतो. ते चित्र आणि तुमची त्या आठवड्यातली टेकडीफेरी एकत्र ठेवली की लागवडीची सीमा हाताने काढता येते. वणव्याने काळा पडलेला उतारही मार्चच्या चित्रात दिसतो, त्याची वेगळी नोंद ठेवा.

हिरवेपणाचा निर्देशांक, म्हणजे एनडीव्हीआय, काढून त्यावरूनच थेट कार्बन सांगणारे लेख वाचनात येतील. सावध राहा. हा निर्देशांक पानं दाखवतो, लाकूड दाखवत नाही. भीमाशंकरसारख्या दाट जंगलात तर तो एका पातळीनंतर वाढायचाच थांबतो. खालचं झाड वीस वर्षांचं की दोनशे, त्याला कळत नाही.

पायरी दुसरी: प्लॉट कुठे टाकायचे

२० मीटर बाय २० मीटरचा प्लॉट टेकडीला सोयीचा. ०.०४ हेक्टर, म्हणजे आलेला आकडा २५ ने गुणला की हेक्टरी मिळतो. जागा क्यूजीआयएसला चिठ्ठ्या टाकून निवडू द्या. प्रत्येक भागात यादृच्छिक बिंदू टाकायची सोय त्यात आहे. पहिल्या वर्षी आम्ही जागा स्वतः निवडल्या. सगळ्या पायवाटेजवळ आणि सगळ्या सावलीत निघाल्या. उन्हात सुतळी धरून उभं राहायला कुणालाच नको असतं, म्हणून पाय आपोआप मोठ्या झाडाकडे वळतात आणि टेकडी आहे त्याहून श्रीमंत दिसते. त्या वर्षाच्या नोंदी आम्ही हिशेबात धरल्या नाहीत.

किती प्लॉट? टेकडीवर प्लॉटाप्लॉटांत फरक मोठा असतो. तो सरासरीच्या निम्म्याइतका धरला आणि उत्तर २० टक्क्यांच्या आत हवं असेल, तर साधारण २५ प्लॉट लागतात. सकाळी दोन होतात, सराव झाला की तीन.

उतारावरची एक गोष्ट नवखे हमखास विसरतात. नकाशातला हेक्टर आडवा असतो, तुमचा टेप तिरका. ३० अंशांच्या उतारावर वर-खाली जाणारी बाजू २० ऐवजी २३.१ मीटर घ्यावी लागते (२० भागिले उताराच्या कोनाची कोसाइन). समपातळीत जाणारी बाजू २० च राहते. उतार फोनमधल्या कोनमापक अ‍ॅपवर मिळतो.

पायरी तिसरी: झाड मोजणं

घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा. आपल्याकडे वन सर्वेक्षणाची रीत १.३७ मीटरची, म्हणजे साडेचार फुटांची. एका काठीवर तेवढ्यावर खूण करा आणि ती काठी झाडाच्या वरच्या, म्हणजे चढाकडच्या बाजूला उभी धरा. पट्टी खोडाला काटकोनात, वेल किंवा मुंग्यांच्या मातीचा थर आत न घेता. १६ सेंमीपेक्षा कमी घेराची रोपटी सोडून द्या, कारण पुढचं सूत्र ५ सेंमी व्यासाच्या वरच्या झाडांसाठी आहे.

गिरिपुष्प बुंध्यापासून तीन-चार फांद्यांनी फुटतो. प्रत्येक फांदीचा व्यास काढा, वर्ग करून बेरीज करा, वर्गमूळ घ्या. ८, ६ आणि १० सेंमीच्या तीन फांद्या म्हणजे १४.१ सेंमीचं एक झाड.

उंचीसाठी शाळेतला काटकोन पुरतो. कागदाचा चौकोन कर्णावर दुमडा, त्रिकोणाची एक बाजू जमिनीला समांतर धरा आणि कर्णावरून पाहत झाडाचा शेंडा दिसेपर्यंत मागे सरका. झाडापासूनचं अंतर अधिक तुमच्या डोळ्यांची उंची म्हणजे झाडाची उंची. उतारावर हे झाडाच्या समपातळीतच उभं राहून करायचं, वर किंवा खाली जाऊन नाही.

आता गणित. आधी जैवभार काढायचा, म्हणजे झाडाच्या जमिनीवरच्या भागाचं कोरडं वजन. जगभरातल्या उष्णकटिबंधीय झाडांवरून २०१४ साली मांडलेलं सूत्र बहुतेक जण वापरतात:

जैवभार (किलो) = ०.०६७३ × (लाकडाची घनता × व्यास × व्यास × उंची) चा ०.९७६ वा घात

घनता ग्रॅम प्रति घन सेंमी, व्यास सेंमी, उंची मीटर. काही प्रजातींसाठी वन सर्वेक्षणाची घनफळाची स्वतंत्र सूत्रं आहेत, ती मिळाली तर जास्त चांगलं. पण कोणतं वापरलं ते लिहून ठेवा आणि मध्येच बदलू नका.

एक धावडा घेऊ. घेर ७५ सेंमी, म्हणजे व्यास २३.९. उंची ८ मीटर. धावड्याचं लाकूड जड, घनता ०.८ धरू. उत्तर येतं साधारण २०२ किलो. कोरड्या जैवभारातला ४७ टक्के कार्बन धरायची रीत आहे, म्हणजे ९५ किलो. आता त्याच घेराचा आणि उंचीचा पांगारा घ्या. त्याचं लाकूड हलकं, घनता ०.३. जैवभार ७७ किलो, कार्बन ३६. दोन्ही झाडं लांबून सारखीच दिसतात. झाड ओळखणारी व्यक्ती गटात हवी म्हटलं ते यासाठीच.

आणि इथेच आमची सगळ्यात मोठी चूक झाली होती, ती सांगतो, कारण तुमचीही होईल. तक्त्यात 'घेर'चा रकाना होता आणि सूत्राने तोच व्यास म्हणून उचलला. तोच धावडा २०२ किलोंऐवजी १८८० किलोंचा झाला, नऊपटींहून जास्त. आकडे मोठे आल्याने सगळे खूश होते. आठ दिवसांनी एका मुलीने एकाच झाडाचं गणित वहीत हाताने करून पाहिलं तेव्हा कळलं. तेव्हापासून आम्ही प्रत्येक तक्त्यातली तीन झाडं हाताने सोडवतो आणि मगच पुढे जातो.

प्लॉटमधल्या सगळ्या झाडांची बेरीज करा. समजा ती ११५० किलो आली. २५ ने गुणून हेक्टरी २८.७५ टन. मुळांसाठी कोरड्या प्रदेशातल्या जंगलाचं ठरलेलं प्रमाण आहे: वरचा जैवभार हेक्टरी २० टनांहून जास्त असेल तर त्याच्या ०.२८ पट, कमी असेल तर ०.५६ पट. उघड्या माळावरचं झाड मुळांत जास्त गुंतवतं, हे त्या आकड्यातच दिसतं. आपल्या प्लॉटला ०.२८ लागू: एकूण ३६.८ टन जैवभार, म्हणजे हेक्टरी १७.३ टन कार्बन.

पालापाचोळ्यासाठी प्लॉटच्या कोपऱ्यात एक मीटरचा चौकोन आखून आतला पाचोळा गोळा करा, वाळवा, तोला. पडलेलं लाकूड असेल तर मोजा. टेकड्यांवर बहुधा सरपणाला गेलेलं असतं.

पायरी चौथी: माती

पुस्तकात लिहिलेलं असतं, पोलादी नळी ठोकून ३० सेंमीपर्यंतचा नमुना घ्या. वेताळ टेकडीच्या उतारावर ती नळी दहाव्या सेंमीला दगडावर आपटते. इथे खड्ड्याची आणि पाण्याची पद्धत वापरा.

वरचा पाचोळा बाजूला सारून हाताच्या पंज्याएवढा खड्डा खडकापर्यंत, किंवा खोल माती असेल तर ३० सेंमीपर्यंत, सरळ कडांनी खणा. निघालेलं सगळं, दगडांसकट, पिशवीत भरा. खड्ड्यात पातळ प्लास्टिकची पिशवी अंथरून कडांना नीट चिकटवा आणि मापाच्या भांड्याने काठोकाठ पाणी ओता. जेवढं पाणी बसलं तेवढं खड्ड्याचं आकारमान. मग माती २ मिमीच्या चाळणीतून चाळा, चाळणीखाली आलेल्या मातीचा थोडा भाग १०५ अंशांवर ओव्हनमध्ये कोरडा करून त्यावरून सगळ्या बारीक मातीचं कोरडं वजन काढा. उरलेली माती सावलीत वाळवून मृद चाचणी प्रयोगशाळेत द्या. शेतकरी जी तपासणी करून घेतात तीच. अहवालात 'सेंद्रिय कर्ब' (कर्ब म्हणजे कार्बनच) असा टक्क्यांचा रकाना येतो. खड्डा शेवटी त्याच दगडांनी बुजवा.

समजा १५ सेंमीला खडक लागला, पाणी १.५ लिटर बसलं आणि बारीक कोरडी माती १०८० ग्रॅम भरली. १०८० भागिले १५०० म्हणजे दर घन सेंमीला ०.७२ ग्रॅम बारीक माती, ही तिची घनता. कर्ब १.५ टक्के. हेक्टरी कार्बन = ०.७२ × १५ × १.५ = १६.२ टन. वरच्या झाडांच्या जवळपास बरोबरीचा! आता कुणी टेबलावर बसून दगड न वगळता, घनता १.२ आणि खोली ३० धरली तर तोच आकडा ५४ होतो. तिपटीहून जास्त. टेकड्यांच्या मातीबद्दल मोठे आकडे दिसले की आधी खोली आणि दगड विचारा.

प्रयोगशाळेला एक प्रश्न जरूर विचारा. नेहमीच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत सगळा कर्ब पकडला जात नाही, म्हणून साधारण १.३ ने गुणतात. अहवालातला आकडा गुणलेला आहे की नाही? दोनदा गुणलं तरी चूक, एकदाही नाही तरी चूक.

पायरी पाचवी: सगळं नकाशावर

प्रत्येक भागाची सरासरी काढा आणि क्षेत्रफळाने गुणा. कल्पनेतली ४० हेक्टरची टेकडी घेऊ: मिश्र झाडोरा १२ हेक्टर, हेक्टरी ३५ टन, म्हणजे ४२०. गिरिपुष्प १५ हेक्टर, हेक्टरी ३०, म्हणजे ४५०. गवत १० हेक्टर, हेक्टरी २०, म्हणजे २००. कातळ ३ हेक्टर, शून्य. एकूण १०७० टन कार्बन.

नकाशाच हवा असेल तर नॅचरल कॅपिटल प्रोजेक्टचं 'इन्व्हेस्ट' हे मोफत साधन हेच गणित ठिपक्याठिपक्याला करून देतं. त्याला भागांचा नकाशा आणि एक तक्ता द्यायचा, ज्यात दर भागासाठी चार आकडे असतात: वरचा, मुळांतला, मातीतला आणि मृत पदार्थांतला कार्बन, हेक्टरी टनांत. तिथे जैवभार नव्हे, कार्बनच भरा. रस्ता झाल्यानंतरचा दुसरा नकाशा दिला की फरकही काढून मिळतो. पण आतली समजूत साधी आहे: एका भागातला प्रत्येक ठिपका सारखा. म्हणूनच भाग पाडताना घाई नको म्हटलं. आणि त्या तक्त्यात भीमाशंकर किंवा ताम्हिणीच्या जंगलाचे छापील आकडे उचलून भरू नका. शहरात वर्षाला ७०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, घाटमाथ्यावर त्याच्या कित्येक पट. तासा-दीड तासाच्या अंतरावर जंगलच बदलतं.

आता वरच्या बेरजेकडे पुन्हा पाहा. गिरिपुष्पाचा आकडा मूळच्या झाडोऱ्याहून मोठा दिसतोय. तो फक्त क्षेत्र जास्त म्हणून; पण एखाद्या टेकडीवर हेक्टरीसुद्धा लागवडच वरचढ निघू शकते. निघाली तर आकडा लपवू नका. मात्र शेजारी दुसरा नकाशा ठेवा: कुठल्या भागात किती जातीची झाडं, कुठे गवतावरची पाखरं, कुठे पावसाळी फुलं. गिरिपुष्पाखाली फारसं काही उगवत नाही हे कुणीही टेकडीवर जाऊन पाहू शकतं.

गवताबद्दल मला जास्त काळजी वाटते. सरकारी नोंदींत माळ 'पडीक' ठरतो, आणि कार्बनच्या नकाशावर तो फिका दिसला की तिथे खड्डे खणून रोपं लावायची घाई होते. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहे तो मोकळ्या माळामुळे. शिवाय गवताचा कार्बन जमिनीखाली असतो. वणव्यात वरचं जळतं, मुळं राहतात. गवताचा भाग मोजताना तिथली माती नीट मोजा, तिथेच त्याची बाजू आहे.

पायरी सहावी: आकडा कसा सांगायचा

एकच आकडा सांगू नका, पल्ला सांगा. १० प्लॉटची सरासरी हेक्टरी १७ आणि प्रमाण विचलन (प्लॉटाप्लॉटांतला फरक मोजणारा आकडा) ८ असेल, तर ८ ला १० च्या वर्गमुळाने भागा, २.५ येतं. त्याच्या दुपटीहून थोडी जास्त, म्हणजे ६ टनांची वाढ-घट दोन्ही बाजूंना धरा: ११ ते २३. पल्ला रुंद वाटला तर प्लॉट वाढवा.

प्रत्येक प्लॉटच्या चारही कोपऱ्यांचे जीपीएस बिंदू घ्या, कोपऱ्यात दगडांची छोटी रास करा आणि जवळच्या ठळक खुणेपासून अंतर व दिशा लिहा, कारण फोनचा जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे होतो. झाडाला खिळा मारू नका. पाच वर्षांनी तीच झाडं पुन्हा मोजलीत तर तेव्हा भरसुद्धा कळेल.

हरकतीच्या अर्जात मग असं लिहा: "या ४० हेक्टर क्षेत्रात अंदाजे ८५० ते १३०० टन कार्बन साठलेला आहे. मोजणी २५ प्लॉटमध्ये केली, जागा यादृच्छिक निवडल्या, माती खडकापर्यंत मोजली. आकडा कार्बनचा आहे, कार्बन डायऑक्साइडचा नाही." त्याला मोजणीच्या तारखा, वापरलेलं सूत्र, प्रयोगशाळेचा अहवाल आणि मातीचे डाग पडलेल्या कच्च्या तक्त्यांच्या प्रती जोडा, आणि पोच घ्यायला विसरू नका.